टेकडीवरची जीप आणि आर्यभटाचे २२५

आमच्या खापरखेड्याला डोंगर नाही. नागपूरच्या उत्तरेला, सावनेर तालुक्यात, कोलार आणि कन्हान नद्यांच्या आसपासचा हा सपाट मुलूख. उंच म्हणून दाखवावे तर औष्णिक वीजकेंद्राच्या चिमण्या, आणि चढ म्हणावा तर राखेच्या बंधाऱ्याचा. २१० मेगावॉटचे चार आणि ५०० मेगावॉटचा एक असे पाच संच या केंद्रात आहेत. सिल्लेवाडा-वलनीचा कोळसापट्टा शेजारीच आहे. त्यामुळे इथल्या मुलांना यंत्रांची ओळख ट्रकपासून होते. पाटे, शॉकअप, रेस, एअरब्रेक हे शब्द ती आमच्याकडून शिकत नाहीत. शाळेत येतानाच बरोबर घेऊन येतात.

अशा या बिनडोंगराच्या गावात मुले दिवसभर टेकड्या चढत असतात. शाळेच्या व्हरांड्यात, पानठेल्याशेजारी, बसची वाट पाहताना. अर्थात मोबाइलवर. हा खेळ आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. एक लाल जीप, समोर खालीवर होणारी जमीन, आणि पडद्याच्या दोन कोपऱ्यांत दोन पायदळे : एक रेस, दुसरा ब्रेक. पेट्रोल संपत येते, वाटेत त्याचे डबे मिळतात. जीप उलटून ड्रायव्हरचे डोके आपटले, की खेळ संपला. पुन्हा दाबा, पुन्हा सुरू. ‘हिल क्लाइंब रेसिंग’ असे त्याचे नाव. उत्तर फिनलंडमधील औलू शहरातल्या फिंगरसॉफ्ट या कंपनीने तो सन २०१२ मध्ये आणला. टोनी फिंगेरूस या तरुणाने तो रचला. त्यातल्या ड्रायव्हरचे नाव आहे न्यूटन बिल, आणि कंपनीने त्याची जी ओळख करून दिली आहे तीत म्हटले आहे, की या गड्याला भौतिकशास्त्राच्या नियमांची फारशी पर्वा नाही. हे वाचून आम्ही, म्हणजे विज्ञान आणि गणित शिकवणारे तिघे शिक्षक, मोठ्याने हसलो होतो. पुढे जे झाले ते हसण्यासारखे नव्हते.

नववीच्या वर्गात गतीचे नियम चालले होते. क्रिया-प्रतिक्रियेची नेहमीची उदाहरणे संपत आली, तसा मागच्या बाकावरून एकाने विचारले, “सर, गाडी हवेत असताना रेस दिली की तोंड वर येते, अन् ब्रेक दाबला की खाली जाते. हे कोणत्या नियमानं?” कोणती गाडी, ते विचारावे लागले नाही. आम्ही सांगितले, की हवेत चाक जमिनीला टेकलेले नसते. चाक जमिनीला मागे ढकलते आणि जमीन चाकाला पुढे, हा तिसरा नियम तिथे लागूच होत नाही. तेव्हा रेस द्या नाहीतर देऊ नका, गाडीला त्याचे काही नाही. खेळ बनवणाऱ्यांनी केलेली ती गंमत आहे. मुलगा “पण सर...” म्हणाला. आम्ही पुढच्या उदाहरणाकडे वळलो.

चूक आमची होती आणि ती साधी नव्हती. जमिनीचा आधार सुटला की गाडी आणि तिची चाके मिळून एक स्वतंत्र व्यवस्था होते. हवेचा किरकोळ विरोध सोडला, तर तिचा एकूण कोनीय संवेग बदलायला बाहेरचे कोणी उरत नाही. मग इंजिनाने चाक पुढच्या दिशेने जास्त जोरात फिरवले, तर उरलेल्या गाडीने उलट दिशेने फिरलेच पाहिजे. उलट म्हणजे तोंड वर. ब्रेक दाबून चाक थांबवले, की चाकाजवळचा फिरण्याचा साठा गाडीकडे येतो आणि तोंड खाली जाते. मातीच्या ढिगांवरून उड्या मारणाऱ्या शर्यतीतल्या मोटारसायकलस्वारांना हे पक्के ठाऊक असते. उतरताना पुढचे चाक आधी टेकवायचे की मागचे, ते अशाच युक्तीने ठरवतात. म्हणजे क्रिया-प्रतिक्रिया तिथे होतीच, पण ती चाक आणि जमीन यांच्यात नव्हे, तर चाक आणि गाडी यांच्यात. आम्ही ती शोधायला चुकीच्या जागी गेलो होतो.

याचा पडताळा शाळेतच घेता येतो. फिरती खुर्ची लागते, ती बहुधा मुख्याध्यापकांच्या खोलीत असते. परवानगी मिळवणे हा या प्रयोगातला अवघड भाग. सायकलचे एक चाक आसासकट काढून घ्यावे. एखाद्या हलक्या मुलाला खुर्चीवर पाय वर घेऊन बसवावे, आणि आस उभा येईल असे ते चाक त्याच्या एका हातात द्यावे. दुसऱ्या हाताने त्याने चाकाला जोराचा फटका मारला, की चाक एकीकडे आणि मुलगा खुर्चीसकट दुसरीकडे वळतो. आता त्याने हाताने चाक थांबवले, की तोही थांबतो. न्यूटन बिल हवेत हेच करत असतो.

आम्ही हे सगळे वाचून, खुर्चीवर बसून, खात्री करून घेईपर्यंत दिवाळी उलटली होती. दरम्यान त्याच मुलाने काकांची मोटारसायकल घेऊन रस्त्यावरच्या एका ब्रेकरवरून उडी मारली आणि हासळीचे हाड मोडून घेतले. त्याचे वय १५. कायद्याने त्याला गाडी हातात घ्यायचीच परवानगी नव्हती, पण ते राहू द्या. भेटायला गेलो तेव्हा तो जे म्हणाला ते आम्ही विसरलेलो नाही. “तोंड वर आले होते सर. पण गेममध्ये येते तेवढे नाही आले.” त्याचे निरीक्षण बरोबर होते. असल्या उड्या मारू नयेत हे आम्ही वर्गात अनेकदा सांगितले होते. पण गाडी हवेत काय करते ते सरांना कळत नाही, हे त्याने स्वतः तपासून पाहिले होते. मग त्याच सरांचे या बाबतीत त्याने का ऐकावे?

‘तेवढे नाही आले’ याचा हिशेब सोपा आहे. ब्रेकरवरून सुटताना गाडीचा वर जाणारा वेग सेकंदाला दीड मीटर धरला, तर ती पुन्हा जमिनीवर यायला सुमारे ०.३ सेकंद लागतात. माणसाचा डोळा, मेंदू आणि हात यांना एखादी गोष्ट दिसून तिला उत्तर द्यायला जवळजवळ तेवढाच वेळ लागतो. शिवाय चाक हे एकूण गाडी आणि स्वार यांच्या मानाने हलके. त्याने गाडी थोडी वळते, गर्रकन वळत नाही. खेळातली जीप सावकाश तरंगत असते, आणि तिथला परिणाम खेळायला मजा यावी इतका भडक ठेवलेला असतो. नियम तोच, आकडे वेगळे. खेळ खरा की खोटा, हा आमचा प्रश्नच चुकला होता. त्याऐवजी विचारायला हवे होते, की ही जीप हिशेब कसा करते? मग आम्ही तिघे त्याच्या मागे लागलो, आणि शोधता शोधता पंधराशे वर्षे मागे जाऊन पोचलो.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. जीप टेकडीवरून उडाली की कुठे पडेल, हे मोबाइलला माहीत नसते. तिच्या सगळ्या मार्गाचे सूत्र त्याच्याजवळ नाही, आणि असूही शकत नाही, कारण पुढच्या क्षणी आपण रेस देणार की ब्रेक लावणार हे त्याला कळायचे कसे? त्याला फक्त आत्ताचे ठाऊक असते : जीप कुठे आहे, किती वेगाने चालली आहे, तिच्यावर कोणती बले आहेत. त्यावरून तो सेकंदाच्या एक साठांश भागानंतरची स्थिती काढतो. मग ती ‘आत्ताची’ समजून पुढची. असे सेकंदाला साठ वेळा. सूत्र न सोडवता एकेक पाऊल टाकत जाणे, एवढीच युक्ती.

या युक्तीचे सर्वांत प्रसिद्ध चित्र खुद्द न्यूटनने काढले आहे. सन १६८७ च्या ‘प्रिन्सिपिया’मधला पहिलाच सिद्धान्त पाहा. सूर्याभोवती फिरणारा ग्रह समान काळात समान क्षेत्रफळ व्यापतो, हे तिथे सिद्ध करायचे आहे. न्यूटन काळाचे समान तुकडे पाडतो. पहिल्या तुकड्यात ग्रह सरळ रेषेत जातो. तुकडा संपताच त्याला सूर्याच्या दिशेने एक झटका बसतो, वेग बदलतो, आणि त्या बदललेल्या वेगाने तो पुढच्या तुकड्यात पुन्हा सरळ जातो. पुन्हा झटका, पुन्हा सरळ. कक्षा वक्र नसून अनेक बाजूंची मोडकी रेघ होते. मग तुकडे लहान लहान होत गेले की रेघ वक्र होईल, असे तो म्हणतो. इथला क्रम वाचकांनी लक्षात ठेवावा : आधी झटक्याने वेग बदलायचा, मग त्या नव्या वेगाने पुढे सरकायचे. न्यूटनसाठी ती सिद्धतेतली एक पायरी होती. मोबाइलमध्ये ती शब्दशः पार पाडली जाते.

पण पावलापावलाने जाण्याची ही तऱ्हा न्यूटनच्याही आधीची आहे, आणि आम्हांला ती सापडली ती अनपेक्षित ठिकाणी. आर्यभटाने सन ४९९ मध्ये ‘आर्यभटीय’ रचले. त्याला ज्यांचे, म्हणजे आजच्या भाषेत साइनचे, कोष्टक हवे होते. त्याने काटकोनाचे २४ भाग केले, प्रत्येक २२५ कलांचा. पहिली ज्या २२५. त्यानंतर प्रत्येक ज्या मागच्या ज्येपेक्षा कितीने वाढते, ते फरक त्याने दिले : २२५, २२४, २२२, २१९, २१५, २१० असे कमी कमी होत शेवटचा ७. सगळ्यांची बेरीज ३४३८, म्हणजे कलांमध्ये मोजलेली त्रिज्या. हे फरक काढायचा नियमही आहे. टीकाकारांनी उलगडलेला त्याचा अर्थ असा : आतापर्यंत जमलेल्या ज्येला २२५ ने भागा, आणि जे येईल ते मागच्या फरकातून वजा करा, पुढचा फरक मिळतो.

फळ्यावर करून पाहा. ज्या २२५, तिला २२५ ने भागले की १. म्हणून पुढचा फरक २२४. ज्या झाली ४४९. भागाकार जवळजवळ २. पुढचा फरक २२२. ज्या ६७१, भागाकार जवळजवळ ३, फरक २१९. ज्या ८९०, भागाकार जवळजवळ ४, फरक २१५. ज्या ११०५, भागाकार जवळजवळ ५, फरक २१०. सातव्या फरकाला नियमाने २०४ येतात आणि कोष्टकात २०५ आहेत. पूर्णांकात काम करण्याची ही किंमत. पण मुलांना गुणाकार-भागाकारापलीकडे काही न येताही साइनचे कोष्टक वर्गात तयार होऊ लागते.

आता यात जीप कुठे आली? ‘ज्या’ या शब्दाच्या जागी ‘शॉकअपच्या स्प्रिंगचा ताण’ वाचा, आणि ‘फरक’ या शब्दाच्या जागी ‘वेग’. नियम असा होतो : स्प्रिंग जितकी ताणली गेली असेल त्या प्रमाणात तिचा वेग दर पावलाला कमी करा, मग नव्या वेगाने तिला पुढे सरकवा. रॉबर्ट हूकने सन १६७८ मध्ये प्रसिद्ध केलेला स्प्रिंगचा नियम आणि न्यूटनचा दुसरा नियम एकत्र करून पावलापावलाने मांडले, तर नेमके हेच येते. आर्यभटाच्या डोक्यात स्प्रिंग नव्हती, जीप तर नव्हतीच; त्याला ग्रहांची स्थाने काढायची होती. तेव्हा ‘मोबाइलचे खेळ आमच्या पूर्वजांनी शोधले’ असला ढोल कोणी वाजवू नये. दोन वेगळ्या गरजांपोटी केलेले दोन हिशेब एकाच साच्याचे निघाले, हे पुरेसे नवलाचे आहे.

आपल्या महाराष्ट्रातही या विचाराचा एक धागा आहे. भास्कराचार्याने सन ११५० च्या ‘सिद्धान्तशिरोमणी’त ग्रहाची ‘तात्कालिकी गती’ वेगळी काढली. चंद्राचा वेग दिवसभरात बदलतो, तेव्हा आजच्या आणि उद्याच्या स्थानांतला फरक हा त्याचा स्थूल वेग झाला. त्या क्षणीचा सूक्ष्म वेग निराळा, हे त्याने बजावले. मोठे पाऊल टाकले की चूक होते, हेच ते बजावणे. त्याच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी नातू चांगदेवाने मठ स्थापला. त्याला दिलेल्या दानाचा सन १२०७ चा शिलालेख जळगाव जिल्ह्यात, चाळीसगावजवळच्या पाटण येथे आहे. सहलीसाठी जागा शोधणाऱ्या शाळांनी ध्यानात ठेवावे.

युरोपात लिओनार्ड ऑयलरने सन १७६८ च्या ग्रंथात पावलांची पद्धत सर्वसाधारण रूपात लिहून काढली. पण त्याआधीच दशकभर ती माणसांकडून घामाघूम होऊन राबवली गेली होती. हॅलेचा धूमकेतू परत कधी येणार, हे काढायला पॅरिसमध्ये क्लेरो, लालांद आणि निकोल-रेन लपोत ही बाई असे तिघे बसले. गुरू आणि शनी धूमकेतूला कुठे किती खेचतात, ते टप्प्याटप्प्याने मोजत सहा महिन्यांहून अधिक काळ त्यांनी आकडे लिहिले. उत्तर आले : सन १७५९ च्या एप्रिलच्या मध्याच्या सुमारास, महिनाभर इकडे-तिकडे. धूमकेतू १३ मार्चला सूर्याच्या सर्वांत जवळ आला. लपोतबाईंचे श्रम क्लेरोने आपल्या पुस्तकात शेवटी वगळले, हेही इतिहासात नोंदलेले आहे.

पुढे नॉर्वेचा कार्ल स्टोर्मर उत्तर ध्रुवाकडच्या प्रकाशाच्या पडद्यांचा अभ्यास करताना विद्युतभारित कणांचे मार्ग याच रीतीने काढू लागला. सन १९०७ च्या सुमाराची ही गोष्ट. त्याने आणि त्याच्या सहाय्यकांनी यात हजारो तास घालवले. सन १९६७ मध्ये फ्रान्सच्या लू व्हेर्ले याने आरगॉनसारख्या द्रवाचे ८६४ अणू संगणकात सोडून दिले आणि त्यांच्या हालचालींचा हिशेब असाच केला. तेव्हापासून पद्धतीला व्हेर्लेचे नाव चिकटले. व्हेर्ले स्वतः मात्र नंतर विज्ञानाच्या इतिहासाकडे वळला, न्यूटनवर त्याने एक पुस्तक लिहिले, आणि आपली पद्धत ‘प्रिन्सिपिया’त आधीच आहे हे त्याच्या लक्षात आले.

हिशेब खेळात शिरला तोही याच काळात. सन १९६२ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत ‘स्पेसवॉर’ तयार झाला. त्यात मधल्या ताऱ्याचे गुरुत्वाकर्षण दोन यानांना ओढत असे. सन १९६९ मध्ये, माणूस चंद्रावर उतरल्यानंतर काही महिन्यांतच, जिम स्टोरर या शाळकरी मुलाने शाळेच्या संगणकावर चंद्रावर यान उतरवण्याचा खेळ लिहिला. चित्र काही नव्हते. उंची, वेग आणि उरलेले इंधन यांचे आकडे कागदावर छापून येत, आणि खेळणाऱ्याने किती इंधन जाळायचे ते टंकायचे. आम्हांला हा खेळ फार आवडला, आणि तो मुलाने लिहिला म्हणून जास्त. त्याच्या हिशेबात एक चूक होती, एका ठिकाणी दोनाने भागायचे राहून गेले होते. ती सापडली सन २०२४ मध्ये, ५५ वर्षांनी. तोपर्यंत असंख्य लोकांनी त्या चुकीसह चंद्रावर सुखरूप यान उतरवले होते.

आकाशात पडणाऱ्या यानापेक्षा टेकडीवरची जीप अवघड, कारण ती जमिनीला टेकते. एका पावलात चाक जमिनीत किंचित घुसते. त्याला धक्का देऊन बाहेर काढावे, तर जीप कलते आणि दुसरे चाक घुसते. ते काढावे तर पहिले पुन्हा बिघडते. शिवाय दोन्ही चाके शॉकअपने गाडीला बांधलेली, आणि ड्रायव्हरचे डोके मानेला. सगळ्यांची समीकरणे एकदम सोडवणे महाग पडते. त्यावरचा उपाय घरगुती आहे : एकाचे भागवा, मग दुसऱ्याचे, मग पुन्हा पहिल्याचे, दर फेरीला बिघाड कमी होत जातो. जर्मन गणिती गाउस भूमापनाच्या समीकरणांसाठी हीच रीत वापरत असे. सन १८२३ मध्ये त्याने आपल्या शिष्याला, गेर्लिंगला, पत्राने ती कळवली आणि वर लिहिले, की हे काम अर्धवट झोपेतही करता येते. आज ते खरोखरच विचार न करणारे यंत्र करते.

हे सर्व एकत्र आणले ते खेळ बनवणाऱ्यांनीच. डेन्मार्कच्या थॉमस याकोब्सेनने सन २००१ मध्ये एका परिषदेत, आपल्या खेळातली पडणारी माणसे आणि कापडे व्हेर्लेच्या पद्धतीने कशी हलतात, ते उघड सांगून टाकले. सन २००६ च्या तशाच परिषदेत एरिन कॅटो या अमेरिकी अभियंत्याने एक लहानशी आज्ञावली दाखवली : न्यूटनचे झटके आणि गाउसच्या फेऱ्या यांची जोड. पुढच्या वर्षी तिचे ‘बॉक्स-टूडी’ या नावाने फुकट वाटप सुरू झाले. पुढची बरीच वर्षे तिच्या माहितीपुस्तिकेत शिफारस असे ती साठांश सेकंदाच्या पावलाची, आणि दर पावलाला वेगांसाठी गाउसच्या आठ फेऱ्यांची. २००९ च्या डिसेंबरात आलेला ‘अँग्री बर्ड्स’ तिच्यावर उभा होता. २०११ च्या परिषदेत त्या खेळाच्या कंपनीचा प्रतिनिधी बोलत असताना श्रोत्यांतून एकाने विचारले, की खेळात कोणते भौतिकी इंजिन वापरले आहे? उत्तर मिळाले, बॉक्स-टूडी. मग त्याचे श्रेय खेळात द्याल का? देऊ. विचारणारा खुद्द कॅटो होता. लपोतबाईंना असे विचारायची सोय नव्हती.

पावलांचे धोकेही गमतीचे आहेत. एखादी वस्तू सेकंदाला ६० मीटर वेगाने चालली असेल, तर साठांश सेकंदात ती एक मीटर उडी घेते. वाटेत वीतभर जाडीची भिंत असली तर एका पावलाला ती भिंतीच्या अलीकडे, पुढच्या पावलाला पलीकडे. मधे काही घडलेच नाही असे यंत्राला वाटते. खेळ लिहिणाऱ्यांना असल्या पळवाटा बुजवाव्या लागतात. रस्त्याला पळवाट नसते. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला १६.७ मीटर. समोरचे दिसून ब्रेक दाबेपर्यंत एक सेकंद गेला तर गाडी १६.७ मीटर गेलीच. कोरड्या चांगल्या रस्त्यावर घर्षणांक ०.७ धरला तर थांबायला आणखी २० मीटर. कोळशाच्या भुकटीवर पावसाची सर पडून तो निम्मा झाला, तर २० चे ४०. आमच्या रस्त्यांवर हे ‘तर’ पावसाळ्यात रोजचे असते. हा हिशेब आम्ही पूर्वीही शिकवत असू. आता तो जीपच्या हिशेबानंतर शिकवतो, आणि मुले मधे प्रश्न विचारतात.

जीपचा तो हिशेब वर्गात केला, तो असा. स्प्रिंग १०० ने ताणलेली, वेग शून्य. प्रत्येक पावलाला ताणाचा दहावा भाग वेगातून वजा करायचा आणि वेग ताणात मिळवायचा. वर्गाच्या दोन फळ्या केल्या. पहिलीने आधी जुन्या वेगाने ताण बदलायचा आणि वेगासाठी जुनाच ताण घ्यायचा. ऑयलरची सरळ पद्धत. दुसरीने आधी वेग बदलायचा आणि त्या नव्या वेगाने ताण. न्यूटनच्या चित्रातला क्रम. बाकी सगळे सारखे. दुसऱ्या फळीचे आकडे आले : ९०, ७१, ४४.९, १४.३, मग उणे बाजूला −१७.७ वरून नवव्या पावलाला −१००.५, आणि तिथून परत. खऱ्या स्प्रिंगने −१०० पर्यंत जायला हवे. दुसरी फळी खूश. पहिल्या फळीचे आकडे आले १००, ९०, ७०, ४१, ५, आणि मग थांबेचनात. अकराव्या पावलाला −१६४.५. १०० ने ताणलेली स्प्रिंग पलीकडे १६४ पर्यंत गेली. एवढी ऊर्जा आली कुठून? कोणीतरी बेरीज चुकली म्हणून पुन्हा केली. बेरीज बरोबर होती.

हासळीवाला मुलगा पहिल्या फळीत होता. उजवा हात झोळीत, म्हणून डाव्या हाताने त्याने आकडे मांडले होते. “आमची जीप उडून गेली सर,” तो म्हणाला. मग त्याने विचारले, की क्रम न बदलता पाऊलच निम्मे केले तर? म्हणजे प्रत्येक वेळी वेगात निम्मा बदल, ताणातही निम्मा, आणि पावले दुप्पट. आम्हांला उत्तर तोंडी येत नव्हते आणि या वेळी आम्ही ते कबूल केले. पहिल्या फळीने कामे वाटून घेतली. एकजण वेग, एकजण ताण, एकजण मागून तपासणारा. विसाव्या-एकविसाव्या पावलाला आकडा −१२८ पर्यंत जाऊन वळला. १६४ चे १२८ झाले होते, पण १०० झाले नव्हते. पाव पाऊल घेऊ या, असे कोणी म्हणाले, तेवढ्यात मधल्या सुट्टीची घंटा झाली. चारपाच जण उठलेच नाहीत.